दारू सुटली, पण वास घेण्याची सवय सुटत नाही

प्रश्न :
माझ्या पतींनी दारू सोडून सात महिने झाले आहेत. ते दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला नियमित जातात आणि त्यांच्या प्रयत्नांबद्दल मला शंका नाही. तरीही संध्याकाळी ते घरात आले की माझे नाक आपोआप कामाला लागते. जवळ घेतानासुद्धा मी आधी श्वासाचा वास घेते, आणि हे त्यांच्या लक्षात आले आहे. परवा बूट काढता काढता त्यांनीच माझ्यासमोर तोंड उघडले आणि ‘घे वास’ म्हणाले. त्यानंतर रात्रभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पूर्वी भांडणे होत, पण असा परकेपणा नव्हता. संशय मनातच ठेवावा की उघड बोलावे?

उत्तर १ :
ताई, मी स्वतः अकरा वर्षांपूर्वी दारू सोडली आहे, त्यामुळे बूट काढणाऱ्याच्या बाजूने लिहितो. पहिल्या वर्षी मला वाटे की मी पीत नाही, एवढ्यावर घरच्यांनी मागचे सारे विसरावे. पण ज्या तोंडाने इतकी वर्षे ‘आज घेतली नाही’ असे खोटे सांगितले, त्याच तोंडाने ते खरे सांगितले तरी ऐकणाऱ्याला फरक कसा कळणार, हे समजायला मला फार वेळ लागला. आणखी एक गोष्ट सांगतो. दारू सुटल्यावर कित्येक महिने झोप उखडलेली असते, चिडचिड होते, कशातच आनंद वाटत नाही आणि शरीरसंबंधांची इच्छाही मंदावू शकते. मेंदू दारूशिवाय चालायला नव्याने शिकत असतो. माझ्या पत्नीने त्याचा अर्थ ‘यांचे माझ्यावरचे प्रेम संपले’ असा घेतला आणि मीही खुलासा केला नाही. तेव्हा बोला, मात्र ते दारात, बूट काढत असताना नको.

उत्तर २ :
मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशन करते. जोडप्यांसाठीच्या उपचारात एक साधा करार वापरला जातो. दिवसातील एक वेळ ठरवायची; त्या वेळी पतीने काल आपण प्यायलो नाही आणि आजही पिणार नाही, असे सांगायचे, आणि पत्नीने त्याबद्दल आभार मानायचे. त्या दोन मिनिटांत मागचे उगाळायचे नाही आणि पुढची भीतीही बोलून दाखवायची नाही. उरलेल्या दिवसात तपासणी बंद. डॉक्टरांनी डायसल्फिराम (त्यावर दारू घेतल्यास त्रास होतो, असे दारू टाळण्यासाठीचे औषध) दिले असेल, तर ती गोळीही त्याच वेळी पत्नीसमोर घेता येते. मात्र ती त्यांच्या नकळत जेवणात मिसळण्याचा विचार कोणी सुचवला तरी करू नका. त्यावर दारू घेतली गेली तर रक्तदाब एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकते, शिवाय विश्वास जातो तो वेगळाच.

उत्तर ३ :
करार चांगला आहे, पण त्यामुळे पतींच्या सोबरपणाची जबाबदारी आपल्यावर आली असे समजू नका. मी ती चूक केली. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अनॉन हा गट चालतो. तिथे गेल्यावर, आपण नवऱ्याला पाजली नव्हती तशी ती सोडवूही शकत नाही, हे मला प्रथमच मोकळेपणाने ऐकायला मिळाले. आणि स्लिप झालीच, म्हणजे ते पुन्हा प्यायलेच, तर काय करायचे, हे दोघांचीही मने शांत असताना ठरवून ठेवा : कोणाला फोन करायचा, त्या रात्री कोण कुठे राहील, गाडीची किल्ली कोणाकडे असेल. मारहाणीचा इतिहास असेल तर मात्र करार नंतर, आधी आपली सुरक्षितता.

प्रश्नकर्तीकडून :
सर्वांचे आभार. रविवारी मी त्यांना हे सारे वाचून दाखवले. सकाळच्या चहाची वेळ त्यांनीच निवडली. पहिल्या दिवशी ‘आभारी आहे’ म्हणताना मला हसू आले, मग त्यांनाही आले. संध्याकाळी नाकाने आपले काम केलेच. पण या वेळी ते मी त्यांना सांगितले.