सोळाच्या आतल्यांना इन्स्टा बंद? – आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

स्नेहल (बी-४०३):
काल गेटजवळ निघालेला विषय इथे मांडते, मुलं सगळ्यांचीच आहेत. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही. माझी नणंद मेलबर्नला असते, तिच्या मुलाचं स्नॅपचॅट गेलं. आपल्याकडे असं व्हावं का? आणि झालं तर टिकेल का?

अमित (सी-२०२):
टिकणार नाही, ताई. व्हीपीएन आहे (फोन दुसऱ्याच देशात आहे असं भासवणारं ॲप), आईचं खातं आहे, चेहऱ्यावरून वय ओळखायचं म्हटलं तर मोठा भाऊ आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळाखालच्यांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद केले होते. पोरं आईबापांच्या ओळख क्रमांकावर खेळत राहिली. मोबाइलवरचे गेम तर त्या कायद्यात धरलेच नव्हते. दहा वर्षांनी सरकारने कायदा गुंडाळला.

वैशाली (ए-३०४):
आणि आपलं टिकटॉक? जून २०२० ला बंद झालं, जुलैत रील्स आल्या. ॲप गेलं, सवय तशीच राहिली.

सचिव:
टाकी सफाईचा मेसेज वर गेलाय. उद्या १० ते २ पाणी बंद. बाकी चर्चा चालू द्या.

स्नेहल:
वैशाली, टिकटॉक बंद झालं ते देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. मुलांचा विचार त्यात नव्हता, म्हणून तसंच दुसरं आलं तेव्हा कोणी अडवलं नाही. ऑस्ट्रेलियात एकट्या ॲपवर बंदी नाही, त्या प्रकारच्या सगळ्यांवर आहे. यूट्यूबला आधी सूट द्यायची ठरली होती, तीही काढली. आणि दंड मुलाला नाही, आईबापांनाही नाही. कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. जानेवारी २०२६ मध्ये तिथल्या सरकारने सांगितलं की सुमारे ४७ लाख खाती बंद झाली.

पळवाटा निघणारच. भाच्याचे काही मित्र खोटं वय टाकून अजून तिथेच आहेत. पण नणंद म्हणते, आधी अख्खा वर्ग तिथे होता, आता बरीच मुलं नाहीत. त्यामुळे ‘सगळ्यांकडे आहे, मलाच नाही’ हे रडगाणं थांबलं. गप्पा व्हॉट्सॲपवर चालतात, त्यावर तिथे बंदी नाही. गप्पा संपल्या की तो फोन ठेवतो, कारण पुढे आपोआप सुरू होणारं काही नसतं.

माझं म्हणणं इथेच आहे. एकट्या घराने बंदी घातली तर ते मूल वाळीत पडतं. आमच्या सातवीतल्याकडे इन्स्टा नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये पाच-सहा मुलं एका फोनवर वाकलेली असतात आणि हा मागून टाचा उंचावून बघत असतो. दुसऱ्या दिवशी बसमध्ये सगळे एखाद्या रीलमधला डायलॉग मारून हसतात, याला तो कुठून आला तेही कळत नाही. मग घरी येऊन भांडण. त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. त्याच्या वयाला मित्रांत असणं ही गरज आहे, ती मी एकटी फोन काढून घेऊन भागवू शकत नाही. सगळ्यांचं एकदम बंद झालं तर त्याला काहीच सोडावं लागत नाही.

वैशाली:
हे पटतंय. पण माझी नववीतली पेन्सिल स्केचेस टाकते. एक अनोळखी चित्रकार बाई तिला शेडिंग कुठे चुकलं ते नीट समजावून सांगतात. इथे आसपास तसं कोणी नाही. ते बंद करायचं?

स्नेहल:
ते नको बंद करायला. खातं तुझ्या नावाने, तुझ्या फोनवर. ती चित्र टाकेल, बाईंचं उत्तर वाचेल. तिला हवंय ते एवढंच आहे ना?

अमित:
आपल्याकडेही कायदा आहे बरं का. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल, मुलांचा माग काढून जाहिराती दाखवता येणार नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. पण संमती देणार कोण? आपणच. आज मुलं जन्मसालाचं चाक फिरवून २००० वर नेतात, उद्या आपण घाईत ‘हो’ दाबू.

देशपांडे काका (ए-१०१):
अमित, म्हणूनच स्नेहलचं ऐक. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनात शाळेसाठी मुलांच्या हाती मोबाइल आले ते नंतर सुटेनात. २०२२ मध्ये गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. सुरुवातीला लोक हसले. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर गेले. तिथे कोणाला दंड नाही की पोलीस नाही. शेजारच्या घरातलाही टीव्ही बंद आहे म्हणून आपल्याही घरातला बंद राहतो. मी चौतीस वर्षं शिकवलं. मुलं नियमाला नाही, नियमातल्या भेदभावाला विरोध करतात.

अमित:
काका, गाव एक असतं. आपल्याकडे चार विंग, तीन शाळा.

देशपांडे काका:
शाळा तीन असतील, पार्किंग एकच आहे.

स्नेहल:
सहावी ते नववीची मुलं असलेली घरं मोजकी आहेत. कमिटीचा ठराव नको, सक्ती नको. त्या घरांनी एकत्र ठरवू: दहावी होईपर्यंत मुलांचं स्वतःचं खातं नाही, आणि पार्किंगमध्ये मोठ्या मुलांनी धाकट्यांना रील्स दाखवायच्या नाहीत. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, तो पालकांच्या फोनवर. कायदा येईल तेव्हा येईल.

वैशाली:
मुलांनाही बोलवा. त्यांच्या पाठीमागे ठरवलं तर आठवडाभर टिकणार नाही. माझी लेक शेजारी बसून वाचतेय, तिची अट आहे की जेवताना आईबाबांचेही फोन दुसऱ्या खोलीत.

अमित:
ही अट मला जड जाणार, ऑफिसचे कॉल नवाला असतात. पण मान्य. कॉल संपवूनच जेवायला बसेन.

सचिव:
रविवारी सकाळी ११ ला क्लबहाऊस ठेवतो. चावी वॉचमनकडे. चहाचं कोण बघतंय?

वैशाली:
चहा मी आणते. डी विंगच्या दोन घरांना फोन करावा लागेल, ते ग्रुप बघत नाहीत.

देशपांडे काका:
त्यांच्याकडे मी आज संध्याकाळी जाऊन येतो.