मदत हवी आहे: बाबांबरोबर बोडेनझे सरोवराला सायकलवरून पूर्ण फेरी

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये माझे बाबा मिरजेहून माझ्याकडे श्टुटगार्टला येत आहेत. बोडेनझेला सायकलवरून पूर्ण फेरी मारायची त्यांची इच्छा आहे आणि मलाही ती त्यांच्याबरोबरच करायची आहे. ज्यांनी हा मार्ग केलाय किंवा साठी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन असा लांबचा सायकलप्रवास केलाय, त्यांचा सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला नेमकं सांगता येईल.

बाबांचं वय ६७. कुपवाडच्या एमआयडीसीत टर्नर होते आणि नोकरी संपेपर्यंत घर ते कारखाना सायकलनेच गेले. अजूनही भाजी, बँक, दवाखाना सगळं सायकलवरच. जमेल त्या पौर्णिमेला नृसिंहवाडीलाही सायकलनेच जाऊन येतात. चढावर गुडघे दुखतात आणि बीपीची गोळी रोज चालू आहे, पण सायकल चालवायला डॉक्टरांची हरकत नाही. दिवसाला तीसेक किलोमीटर ते आरामात करतील, चाळीसला दमतील पण करतील, त्यापुढे मला ताणायचं नाही.

मागच्या वेळी आईबाबा आले तेव्हा गाडीत बसवून त्यांना बरंच काही दाखवलं. बाबांनी तक्रार केली नाही, सांगू तिथे फोटोला उभे राहिले. पण कुठे सायकलींचा स्टँड दिसला की पाय तिथेच अडायचे. एकदा स्टेशनबाहेर कुणाच्यातरी सायकलच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. गिअर सगळे हबच्या आत, बाहेर फक्त एक बारीक साखळीसारखी तार; ती कशी ओढली की आत काय सरकत असेल हे ते मला बोटांनी हवेत करून दाखवत होते. आमची ट्रेन गेली, पण त्या सगळ्या दौऱ्यात मला ते सगळ्यात खुश तिथे दिसले. म्हणून या वेळी दाखवायला न्यायचं नाही, त्यांनी स्वतः चालवत जायचं असं ठरवलंय. वळसा पूर्ण झाला तर तो त्यांच्या पायांनी पूर्ण झाला पाहिजे.

आतापर्यंत जमवलेली माहिती अशी: सरोवराभोवतीचा बोडेनझे-राडवेग हा सायकलमार्ग साधारण २६० किलोमीटरचा आहे, बहुतेक सपाट आणि गाड्यांच्या रस्त्यापासून वेगळा. वाटेत जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड असे तीन देश लागतात. बाबांना याचंच सगळ्यात अप्रूप आहे. "एका तळ्याला तीन देशांचे काठ, आणि मधे कुणी अडवत नाही?" हा प्रश्न फोनवर पुन्हा पुन्हा येतो.

आता अडलंय कुठे ते सांगते.

पूर्ण फेरी ठरवावी की निम्मी? नवरा म्हणतो निम्मीच ठरव, जास्त झाली तर बोनस. पण निम्मी ठरवली की बाबांना ती निम्मीच वाटणार. आणि पूर्ण ठरवून मधे सोडावी लागली तर? "तुझा खोळंबा केला" असं ते दहा वेळा म्हणतील. तो विचार माझ्या डोक्यातून जात नाही. माझी खरी अडचण हीच आहे, बाकीचे प्रश्न त्यामानाने सोपे.

दुसरं, ई-बाइक घ्यावी का? गुडघ्यांसाठी मला बरी वाटते. बाबा म्हणतात, मोटर लावली तर मी चालवली असं कसं म्हणू.

तिसरं, त्यांनी जन्मभर रस्त्याच्या डाव्या बाजूने सायकल चालवली आहे. उजवीकडून चालवायची सवय किती दिवसांत होते? आधी कुठे सराव करून घ्यावा?

मुक्काम, खाणं, विमा यांबद्दलही सांगा. बाबा शाकाहारी आहेत आणि गुरुवारी उपास करतात. सुट्टी मला आठवडाभराची मिळेल, पुढेमागे एखादा दिवस जोडता येईल.

– मिरजेची लेक

*

प्रतिसाद: तळ्याकाठचा

ताई, मी फ्रीडरिक्सहाफेनला राहतो आणि या वाटेवर वर्षभर सायकल चालवतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरोवराच्या आकारातच आहे.

फेरी कॉन्स्टान्झहून सुरू करू नका, फ्रीडरिक्सहाफेनहून करा. श्टुटगार्टहून उल्ममार्गे थेट रिजनल गाडी आहे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने निघा: लिंडाऊ, ब्रेगेंझ, मग ऱ्हाइनचा त्रिभुज प्रदेश ओलांडून स्वित्झर्लंडात रोरशाख, आर्बोन, रोमान्सहोर्न. या दिशेने पाणी कायम उजव्या हाताला राहतं, म्हणजे काठावर थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे ब्रेगेंझपर्यंत तो पाठीवर राहील.

आता मुद्दा. रोमान्सहोर्नहून फ्रीडरिक्सहाफेनला गाड्या नेणारी फेरी बोट साधारण दर तासाला सुटते आणि पाऊण तासात पोचवते. सायकली चालतात. तिथे बाबा म्हणाले "पुरे", तर बोटीत बसा. निघालात तिथेच परत उतराल, तिन्ही देश झालेले असतील आणि वर्तुळही पूर्ण असेल. ते पुढे म्हणाले तर कॉन्स्टान्झपर्यंत जा. तिथून मेर्सबुर्गला पंधरा मिनिटांची फेरी बोट आहे, रात्रंदिवस चालू असते. तिने जाऊन पुढे काठाने फ्रीडरिक्सहाफेनला आलात तर मुख्य सरोवराचा वळसा पूर्ण होतो. अजून जोर असेल तर उंटरझेच्या, म्हणजे सरोवराच्या पश्चिमेकडच्या लहान भागाच्या, काठाने श्टाइन आम राइन, मग राडोल्फझेल, युबरलिंगेन करून मेर्सबुर्ग. म्हणजे लहान, मधलं आणि मोठं अशी तीन वर्तुळं आहेत आणि तिन्हींची सुरुवात एकच. कुठेही थांबलात तरी "मधे सोडली" असं होत नाही. बाबांना आधी फक्त पहिल्या वर्तुळाबद्दल सांगा. पुढची दोन आहेत हे त्यांना रोमान्सहोर्नच्या धक्क्यावर नकाशा उघडून दाखवा.

शिवाय सरोवराला जवळजवळ सगळीकडून रेल्वे आहे. कंटाळा आला, पाऊस आला, तर पुढच्या स्टेशनात चढा. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यातल्या रिजनल गाड्यांत सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते नऊ ही वेळ सोडली तर सायकलीला तिकीट नाही. स्वित्झर्लंडात मात्र सायकलचं वेगळं तिकीट लागतं. राडोल्फझेलच्या आधी ह्योरी नावाच्या भागात चढउतार आहेत. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर श्टाइनहून तो टप्पा नि:संकोच टाळा.

वेळ: फिंग्स्टन सणाची शाळांची सुट्टी संपल्यावर या आणि जुलैच्या मध्याच्या आत उरका. नंतर ब्रेगेंझला पाण्यावरच्या रंगमंचाचा महोत्सव सुरू होतो, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग. मग शाळांची मोठी सुट्टी लागते. तेव्हा हाग्नाऊ आणि इमेनश्टाडच्या आसपास वाटेवर इतकी गर्दी असते की नवख्या माणसाला उतरून चालावं लागतं.

दुपारी वीजवादळं येतात. काठावर ठिकठिकाणी नारिंगी दिवे आहेत. ते मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराच्या वाऱ्याचा इशारा, ९० वेळा लुकलुकले तर वादळाचा. आहेत होडीवाल्यांसाठी, पण मी सायकलवरूनही त्यांच्यावर नजर ठेवतो. जलद लुकलुकायला लागले की झाडाखाली नाही, स्टेशन नाहीतर बेकरी गाठायची.

आणि एक. निघण्याआधीचा एक दिवस फ्रीडरिक्सहाफेनसाठी ठेवा. पहिलं झेपेलिन, म्हणजे अजस्र हवाई जहाज, २ जुलै १९०० ला इथल्या पाण्यावरून उडालं, त्याचं संग्रहालय बंदरालाच लागून आहे. झेपेलिनसाठी दाते असलेली चाकं बनवायला १९१५ साली इथे जो कारखाना निघाला, तोच आज गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारा झेडएफ. जन्मभर लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला इथून लवकर हलवू नका.

*

प्रतिसाद: पायडल

उजव्या बाजूची सवय दोन-तीन दिवसांत होते. मला जास्त काळजी ब्रेकची वाटते. इथल्या भाड्याच्या बऱ्याच सायकलींना पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. आपल्याकडे सिग्नलला थांबलं की पायडल उलटं फिरवून वर घ्यायची सवय असते, आणि उतारावर पाय सहज मागे फिरतात. माझ्या सासऱ्यांचं मागचं चाक तसंच लॉक झालं होतं, नशिबाने गवतावर पडले. दुकानात फ्रायलाउफ, म्हणजे पायडल उलटं मोकळं फिरणारी सायकल, असं स्पष्ट सांगून घ्या. हँडलचे ब्रेकही बघा. आपल्याकडे बहुतेक वेळा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, इथे डावा. दचकून माणूस सवयीचाच हात दाबतो. आधी रिकाम्या मैदानात पाच-पन्नास वेळा थांबायचा सराव करून घ्या.

चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. पहिले दोन दिवस तुम्ही पुढे राहा आणि त्यांना फक्त तुमच्या मागे यायला सांगा.

*

प्रतिसाद: सातारी

ई-बाइकचं उलट करून बघा. ई-बाइक तुम्ही घ्या आणि दोघांचं सगळं सामान तुमच्या कॅरियरवर लादा. बाबांना हलकी, हबगिअरची साधी सायकल द्या. सपाट रस्त्यावर ओझं नसलेली चांगली सायकल त्यांना घरच्या जड सायकलीपेक्षा निम्मीसुद्धा दमवणार नाही. गुडघे बोलायला लागले तर वाटेत अदलाबदल करा. सायकली तळ्याकाठीच भाड्याने घ्या, ई-बाइक ट्रेनमध्ये चढवताना कंबर जाते.

२५ च्या वेगापर्यंत मदत करणारी ई-बाइक जर्मनीत कायद्याने सायकलच धरतात, लायसन्स लागत नाही. ४५ वाली घेऊ नका, ती सायकलवाटेवर चालत नाही. स्वित्झर्लंडात ई-बाइकचा दिवा दिवसाही चालू ठेवावा लागतो, २०२२ पासून तसा नियम आहे.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा नको. पण बाबांचा मूळ पासपोर्ट खिशात हवा, फोनमधला फोटो चालणार नाही. जर्मनीत शिरताना हल्ली अधूनमधून तपासणी असते. व्हिसासाठी घेतलेल्या विम्यात आधीपासूनचा बीपी आणि सायकलवरचा अपघात धरलाय का, हे कंपनीकडून लेखी मागवा. फोनचं ईयू रोमिंग स्वित्झर्लंडात आपोआप लागू नसतं. तिथे मोबाइल डेटा बंद ठेवा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या.

*

प्रतिसाद: पोळीभाजी

खाण्याचं मी सांगते. केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया, सगळीकडे मिळतं; त्यात बहुधा मांस नसतं, पण अंडं असतं. फ्लामकुखन (पिझ्झासारखी पातळ रोटी) मागवताना "श्पेक नको" म्हणा, ते डुकराचं मांस असतं. माउलटाशनमध्ये, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या पाकिटांत, बहुधा मांस असतं, विचारूनच घ्या. रविवारी सुपरमार्केट बंद, त्यामुळे शनिवारीच फळं, दही घेऊन ठेवा. जूनमध्ये काठावरच्या शेतांतून स्ट्रॉबेरी आणि चेरीचे स्टॉल लागतात, गुरुवारचा उपास त्यावर आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर छान निभेल. लाडू घरूनच घेऊन निघा.

सुट्टीची घरं एका रात्रीसाठी सहसा देत नाहीत. बेट-उंड-बाइकची पाटी असलेली ठिकाणं शोधा. ते एका रात्रीचे सायकलस्वार घेतात आणि सायकली कुलुपात ठेवायची सोय असते.

*

मिरजेची लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन वर्तुळांची कल्पना वाचल्यापासून डोक्यावरचं ओझंच उतरलं. फ्रीडरिक्सहाफेनहून निघायचं नक्की केलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यासाठी रजा टाकली आहे आणि लिंडाऊ-ब्रेगेंझच्या खोल्या आजच बघते.

बाबांना ब्रेकबद्दल सांगितलं. त्यांनी लगेच अंगणात सायकल स्टँडला लावली आणि डाव्या हाताने ब्रेक दाबायची सवय करायला घेतली, असं आई सांगत होती. सामान मी वाहायचं हे त्यांना पटायला वेळ लागला. "निदान पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे दे" यावर तोड निघाली.

दांडी नसलेल्या सायकलीला मात्र ते ठाम नाही म्हणतात, ती लेडीज सायकल म्हणून. गुडघ्यासाठी चढणं-उतरणं सोपं जाईल हे त्यांना कळतं, पण मन घेत नाही. तळ्याकाठचा, फ्रीडरिक्सहाफेनच्या दुकानांत दांडी असलेली, हबगिअरची आणि फ्रायलाउफवाली सायकल भाड्याने मिळते का? पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाला बसेल अशी हवी आहे. पुढच्या आठवड्यात मी स्वतः येऊन बघून जाईन, फक्त कुठून सुरुवात करू ते सांगा.

*

तळ्याकाठचा:

मिळते, पण जूनच्या शेवटी आयत्या वेळी नाही. तुम्ही येणार त्या दिवशी कळवा, स्टेशनवर भेटतो. दोन-तीन दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. बाबांच्या पायाचं आतून माप घेऊन या, जमिनीपासून वरपर्यंत, चप्पल न घालता. दुकानदार उंचीपेक्षा तेच विचारतात.