शहराच्या किनाऱ्यालगत शिडाच्या नौकेतून खासगी सफर : आपले अनुभव

वडिलांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसानिमित्त आम्ही आठ जणांनी तीन तासांसाठी शिडाची नौका भाड्याने घेतली आणि ज्या शहरात त्यांचे उभे आयुष्य गेले, त्या शहराचा किनारा त्यांना समुद्रावरून दाखवला. सूर्यास्त पाहायचा, एवढ्या एकाच विचाराने आम्ही वेळ ठरवली होती. वाऱ्याचा विचार कोणाच्याही मनात आला नव्हता. निघताना खारा वारा चांगला होता. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा किनाऱ्याकडे धावते, म्हणून हा वारा दुपारी जोर धरतो. ऊन उतरले की तो मावळू लागतो, आणि जमिनीकडून येणारा मतलई वारा सुरू होण्यापूर्वी मध्ये बराच काळ हवा स्तब्ध असते. शाळेत पाठ केलेले हे वाक्य त्या संध्याकाळी डोक्यावरच्या शिडात दिसले. सूर्य क्षितिजाला टेकण्याच्या अर्धा तास आधी शीड लुळे पडले, तरी आधीच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा येतच होत्या आणि आधार सुटलेली नौका दोन्ही बाजूंना हेलकावू लागली. शेवटी तांडेलांनी, म्हणजे नौका चालवणाऱ्यांनी, इंजिन लावून आम्हाला परत आणले.

त्याआधीची चाळीस मिनिटे मात्र आमच्या घरात कायम सांगितली जातील. तांडेलांनी सुकाणूचा दांडा वडिलांच्या हाती दिला आणि स्वतः शेजारी बसले. वडिलांनी आधी तो मुठीत आवळून धरला होता. हळूहळू बोटे सैल झाली, आणि पाण्याची थरथर दांड्यातून तळव्याला कळू लागली तेव्हा त्यांनी दोनच बोटांनी तो धरला. नौका वाऱ्याकडे जास्त वळली की शिडाची कड फडफडायची आणि ते न सांगता दांडा किंचित ओढून घ्यायचे. तेवढ्या वेळात ते एक शब्दही बोलले नाहीत.

आम्हाला पुन्हा जायचे आहे, आणि या वेळी नीट जायचे आहे. ज्यांनी अशी सफर केली आहे त्यांनी वेळ कशी निवडली, नौकेवर कोण काय ठरवत होते, काय चुकले आणि काय साधले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

*

वेळेबद्दल आपण लिहिले आहे ते अगदी खरे आहे. मी त्यात दिशेची भर घालते. आमच्या पहिल्या सफरीत आम्ही वाऱ्याबरोबर निघालो. वारा पाठीशी असल्यामुळे नौकेवर जवळजवळ हवाच जाणवत नव्हती, सगळ्यांनी वरचे कपडे काढून ठेवले आणि मुले पुढच्या भागात जाऊन पहुडली. वारा बारा नॉट (नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर) आणि नौका पाच नॉट वेगाने त्याच दिशेने जात असेल, तर अंगाला फक्त सात नॉट वारा लागतो. परतताना तीच नौका वाऱ्याला तिरकी भिडते तेव्हा अंगावर सोळा नॉटच्या आसपास वारा येतो. समुद्र तोच आणि वाराही तोच असतो, तरी हवामान बदलले असे सगळ्यांना वाटते. त्यातच शिडाच्या नौकेला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. साधारण पंचेचाळीस अंश डावीकडे आणि मग तेवढेच उजवीकडे, असे नागमोडी जावे लागते आणि अंतर जवळजवळ दीडपट होते. आम्हाला जायला पन्नास मिनिटे लागली आणि यायला पावणेदोन तास. दोन मुले गारठली, आणि धक्क्यावर आमची वाट पाहणारी आत्या काळजीने हैराण झाली होती.

तेव्हापासून आम्ही आधी वाऱ्याविरुद्ध जातो. अंगात उत्साह असतो तेव्हा कष्टाचा टप्पा पार पडतो आणि थकल्यावर वारा आपल्याला घरी आणून सोडतो.

*

वृद्ध माणसांना घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहितो. माझ्या आईचे गुडघे दुखतात. नौका स्थिर आहे का, बसायला टेकू आहे का, स्वच्छतागृह आहे का, हे सगळे मी दूरध्वनीवर विचारून घेतले होते. धक्क्यावर त्या वेळी पाण्याची पातळी किती असेल, हे मात्र विचारले नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती, तीही पौर्णिमेनंतरच्या उधाणाची. सकाळी धक्क्याच्या बरोबरीने तरंगत असलेली नौका पुरुषभर खाली गेली होती आणि जायला एकच वाट होती : दगडी पायऱ्या. त्यांपैकी खालच्या सहा-सात पायऱ्यांवर हिरवे शेवाळ होते. मी आईला मागून धरले, एका खलाशाने पुढून हात दिला. शेवटच्या पायरीवर तिचा पाय सरकला आणि तिने माझे मनगट इतक्या जोराने धरले की नखांच्या खुणा दोन दिवस राहिल्या. ती पडली नाही. पण पुढचे दोन तास तिच्या मनात समुद्र नव्हताच, परत चढायच्या पायऱ्याच होत्या.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, म्हणजे ती आधीच काढता येते. शिवाय पाणी सारख्या गतीने चढत-उतरत नाही. सहा तासांच्या ओहोटीत मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी उतरते, त्यामुळे तासाभराचा उशीरसुद्धा फार महागात पडतो. दुसऱ्या वेळी आम्ही अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत गेलो, जेव्हा भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो. आई धक्क्यावरून नौकेत एका पावलात उतरली. तरंगता धक्का असेल तर तो पाण्याबरोबर वरखाली होतो आणि हा प्रश्नच येत नाही; तसा धक्का आहे का, एवढे आधी विचारावे.

*

समुद्र लागण्याविषयी थोडक्यात. माझ्या नणंदेला दहा मिनिटांत मळमळू लागले आणि आम्ही तिला प्रेमाने आतल्या खोलीत नेऊन झोपवले. ते सर्वांत चुकीचे होते. कानातील तोल सांभाळणारा भाग ‘हलते आहे’ म्हणतो आणि डोळ्यांना समोर स्थिर भिंत दिसते. या विसंगतीतूनच मळमळ होते. तिला वर मोकळ्या हवेत, नौकेच्या मध्याजवळ बसवून क्षितिजाकडे पाहायला सांगितले आणि अर्ध्या तासात ती सावरली. गोळी घ्यायची तर निघण्याआधी, वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी. त्रास सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

*

मी स्वतः बरीच वर्षे अशा नौका चालवल्या आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

खासगी सफर म्हणजे नौका आपली आणि वेळही आपली, अशी पाहुण्यांची समजूत असते. ती स्वाभाविक आहे. त्यांनी पैसे मोजलेले असतात, कोणाचा तरी खास दिवस असतो, आणि आपल्यामुळे तो बिघडू नये असे आम्हालाही मनापासून वाटते. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक याच भावनेतून झाली. एका कुटुंबाला बंदराच्या तोंडापलीकडचे दीपगृह जवळून पाहायचे होते. वारा पडत चालला होता आणि तिथे पोहोचायला मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडावा लागणार होता. मी एकदा नको म्हणालो. त्यांनी पुन्हा विनंती केली, आणि मी नौका वळवली. मार्गाच्या मध्यावर आलो तेव्हा वारा पूर्ण गेला, आणि त्याच वेळी एक मालवाहू जहाज वळणावरून बाहेर आले.

समुद्रावरच्या टक्करी टाळण्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले. शिडाच्या नौकेला इंजिनावरच्या जहाजाने वाट द्यावी, हे त्यांतले सर्वांना ठाऊक असते. पण अरुंद मार्गात, ज्या जहाजाला खोल पाणी सोडून बाजूला जाता येत नाही, त्याची वाट शिडाच्या नौकेने किंवा वीस मीटरपेक्षा लहान बोटीने अडवू नये, असेही त्याच नियमांत आहे. पाहुण्यांना ते माहीत असण्याचे कारण नाही. मला माहीत होते. जहाजाने भोंगा वाजवला : पाच तुटक, घाईचे आवाज. त्याचा अर्थ, ‘तुमचा काय विचार आहे ते आम्हाला कळत नाही.’ पाहुण्यांनी जहाजाला हात हलवून अभिवादन केले. मी इंजिन सुरू करत होतो; ते पहिल्या खेपेला लागले नाही, दुसऱ्या खेपेला लागले. आम्ही वेळेत बाजूला झालो. जहाज पुढे निघून गेल्यावर मागून आलेल्या लाटांनी नौका उचलली आणि पेले फुटले, एवढेच नुकसान झाले. अशा जहाजाला थांबायला कित्येक किलोमीटर अंतर लागू शकते. त्याने थांबायचे ठरवले असते तरी ते शक्य नव्हते.

त्यानंतर मी निघण्यापूर्वी धक्क्यावरच स्पष्ट सांगू लागलो, की कुठे जायचे हे तुम्ही सांगा, पण जायचे की नाही आणि केव्हा परतायचे हे मी ठरवीन. ज्यांना हे पटले नाही त्यांची सफर मी घेतली नाही. भाड्याने नौका घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की तांडेल एकदा ‘नको’ म्हणाला तर त्याला दुसऱ्यांदा विचारू नका. सफर रद्द झाली तर पैशांचे काय होणार, हे आधीच ठरवून घ्या. तो हिशेब मिटलेला असला की दोन्ही बाजूंना ‘नको’ म्हणणे सोपे जाते.

आणखी एक. नौका कलली की लोक घाबरतात. तळाखाली शिशाचा किंवा लोखंडाचा जड कणा असलेली नौका जितकी कलते तितका तो कणा तिला परत ओढतो. पंधरा-वीस अंश कलणे ही तिची चालण्याची रीत आहे. खरे भय डोक्याच्या उंचीवरच्या आडव्या काठीचे, म्हणजे बूमचे. वारा मागून येत असताना ती एका क्षणात या बाजूची त्या बाजूला जाते. छायाचित्रासाठी उभे राहणाऱ्यांना मी दर वेळी खाली बसवत आलो आहे.

*

वरील अनुभव वाचून मलाही लिहावेसे वाटले. आम्ही जिची नौका घेतली त्या संस्थेचे नाव घेत नाही. निघाल्यावर मी जीवरक्षक जाकिटे मागितली. ती बाकाखालच्या कप्प्यात होती आणि त्यावर आमचेच सामान रचले होते. बाहेर काढली तेव्हा दहा जणांत सात निघाली, सगळी मोठ्यांच्या मापाची. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला त्यातले एक घातले आणि खांद्याला धरून उचलून पाहिले, तर जाकीट वर आले आणि ती खालच्या खाली निसटली. पाण्यात हेच झाले असते. मी परत फिरायला सांगितले. बरोबरच्या काहींना ते आवडले नाही आणि त्या नाराजीचे मला अजूनही वाईट वाटते, पण निर्णयाचे वाटत नाही. आता मी मुलीचे स्वतःचे जाकीट नेते, पायांमधून जाणारा पट्टा असलेले, आणि ते धक्क्यावरच घालते.

*

इतक्या काळजीच्या गोष्टी झाल्या, तर जे पाहायला आपण जातो त्याविषयीही कोणी लिहिले पाहिजे. मी इमारतींचे आराखडे करतो. ज्या शहरात तीस वर्षे काम केले त्याचा उतार मला पहिल्यांदा समुद्रावरून समजला. रस्त्यावरून चढ जाणवतो, पण टेकडी दिसत नाही. पाण्यावरून घरांच्या ओळींखालची टेकडी, दोन टेकड्यांमधली जुनी खाडी आणि ती बुजवून केलेला सपाट भाग हे सगळे एका दृष्टीत दिसते. आवाजही वेगळे होतात. वाहनांचा गोंगाट आधी एकसंध घरघर होतो, मग तीही विरते आणि फक्त भोंगे तेवढे पाण्यावरून येत राहतात.

उंच इमारती वाऱ्यालाही घडवतात, हे मी कागदावर जाणत होतो. वारा जमिनीकडून असताना आम्ही मनोऱ्यांच्या रांगेसमोरून गेलो. इमारतीच्या आडोशात शीड पडायचे आणि दोन इमारतींमधल्या फटीसमोर आलो की वारा अचानक कानाखाली मारल्यासारखा यायचा. समुद्रभिंतीजवळ लाटा आपटून परत येत होत्या, येणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा एकमेकींवर चढत होत्या आणि पाणी उकळल्यासारखे दिसत होते. शहर जवळून पाहण्याचा मोह होतोच, पण भिंतीपासून चांगले दूर राहिलेले बरे. दुरून ते अधिक पूर्णही दिसते.

*

रात्री परतण्याविषयी एक लहानशी नोंद. किनाऱ्यावरचे दिवे फार सुंदर दिसतात आणि त्यांतच इतर नौकांचे दिवे हरवतात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा, एवढे आमच्या तांडेलांनी शिकवले आणि शहराच्या उजेडातला जो दिवा सरकतो आहे तो शोधायचे काम मुलांना दिले. त्यांनी चार नौका शोधल्या, त्यांपैकी एक तांडेलांच्याही आधी.

*

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना सगळे अनुभव वाचून दाखवले. पुढची सफर आता अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोन वाजता ठरवली आहे. आधी वाऱ्याविरुद्ध जायचे, सूर्यास्तापूर्वी दीड तास धक्क्याला लागायचे आणि सूर्यास्त किनाऱ्यावर बसून पाहायचा. पैशांचे आधीच बोलून ठेवले आहे. वडिलांनी एकच गोष्ट विचारायला सांगितली आहे, आणि नौका चालवणाऱ्यांनी तिचे उत्तर द्यावे : वाऱ्याला भिडून जाताना दांडा दोन बोटांनी धरून चालतो का, की तिथे पूर्ण हात लागतो?