धालोवर पीएचडी: मार्गदर्शकाचं संशोधनक्षेत्र कसं पारखावं?

वाळपयकार: गोव्यातल्या सत्तरी आणि पेडणे तालुक्यांतल्या धालो गीतांवर (धालो म्हणजे गावातल्या बायकांचा गाण्या-नाचाचा लोकोत्सव) पीएचडी करायची आहे, एम.ए. मराठीत झालंय. विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या माहितीत ‘लोकसाहित्य’, ‘संस्कृती’, ‘स्त्री-अभ्यास’ असे मोघम शब्द असतात. त्यावरून मार्गदर्शक कसा निवडायचा?

ताळगावपठार: त्या शब्दांवर विसंबू नका. बऱ्याचदा ते एकदा लिहिले जातात आणि तसेच राहतात. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, मार्गदर्शकाच्या नावाने अलीकडचे प्रबंध काढा आणि संशोधनपद्धतीचं प्रकरण आधी वाचा. सगळे प्रबंध छापील संहितेवरचे असतील, तर मांडावर, म्हणजे धालो होतात त्या अंगणात, जाऊन केलेलं ध्वनिमुद्रण तिथे पोरकं पडेल, विषय कितीही जुळो. शोधताना आडनावाची सगळी रोमन स्पेलिंगं टाका. आपल्याकडे नाईकसुद्धा पोर्तुगीज वळणाने लिहिलेला सापडतो.

मग जागा विचारा. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला 3 वर्षांपेक्षा कमी उरली असतील, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. ही शेवटची अट अनेकांना प्रवेशाच्या तोंडावर कळते.

मोडीवाचक: त्याआधी प्रश्न कुठल्या विभागाचा ते ठरवा. गीतांची रचना, छंद, पाठभेद हवे असतील तर मराठी किंवा कोंकणी. दोन्ही गोवा विद्यापीठाच्या शणै गोंयबाब भाषा महाशाळेत आहेत. मांडावर कोणत्या घरांचा मान, कोणाला प्रवेश, हा प्रश्न असेल तर समाजशास्त्र. ‘धालोचा सांस्कृतिक अभ्यास’ एवढ्यावर कोणीही होकार देईल, पण तो होकार काही कामाचा नाही.

गावच्या इतिहासात शिरणार असाल तर एक चूक टाळा. 1526चा फोराल, म्हणजे गावांच्या रूढी-हक्कांची पोर्तुगीज सनद, सरसकट सगळ्या गोव्याला लावला जातो. तो तिसवाडीच्या गावांचा. पेडणे आणि सत्तरी नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखात, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे आले. त्याआधी तिथे सावंतवाडीकर भोसले. त्यामुळे नुसती पोर्तुगीज येऊन भागणार नाही, मोडीही लागेल. मार्गदर्शकाला यातलं काय वाचता येतं, ते थेट विचारा. यात उद्धटपणा नाही.

वाळपयकार: प्रश्न मांडावरच्या मानाचाच आहे. मग वेळेचं गणित कसं बसवू?

पौषातली: धालो पौषात, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत. पीएचडीला किमान 3 वर्षं, तेवढ्यात संपवायची तर हाती तीनच पौष; त्यातला पहिला कोर्सवर्कमध्ये जातो, शेवटच्या वेळी लेखन चालू असतं. म्हणून मार्गदर्शकाला पाठवायच्या पानभर टिपणात कोणत्या पौषात कोणते मांड, हे लिहाच. क्षेत्रकार्य केलेला माणूस त्यावर लगेच शंका काढतो. ज्याला शंकाच येत नाही, त्याच्याबाबत मी सावध राहीन.

संमती मांडावरच्या बायकांकडून आधी घ्या. अनेक ठिकाणी पुरुषांना तिथे मज्जाव असतो, तेव्हा संशोधक पुरुष असेल तर मुद्रण कोण करणार हेही टिपणात हवं. बायका समोरासमोर दोन रांगांत गातात. एका टोकाला फोन ठेवला की दुसऱ्या रांगेचे शब्द बुडतात, म्हणून दोन माइक. प्रत्येक मुद्रणाला तारीख, वाडा, मांड आणि कोणती रांग ते त्याच रात्री लिहा. नाव किंवा जात नोंदवायची ती गाणारणीने परवानगी दिली तरच. गीत गायलं तसंच उतरवा, प्रमाण मराठीत सुधारू नका. सुधारलेल्या पाठावरून कोणाचा मान कुठे, हे सांगता येत नाही.