एसएमआय-३२ फक्त तिसऱ्या आणि पाचव्या थरातच का लागतं?

प्रश्न
प्रौढ रॅटचा मेंदू, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने परफ्यूजन (रक्तवाहिन्यांतून फिक्सेटिव्ह सोडणं), ४० मायक्रॉनचे तरंगते सेक्शन. एसएमआय-३२ ही न्यूरोफिलामेंटवरची अँटीबॉडी १:१००० प्रमाणात, ४ अंशांवर रात्रभर. कॉर्टेक्सच्या पाचव्या थरातल्या मोठ्या पिरॅमिडल पेशी ठसठशीत, तिसऱ्यात विरळ, चौथा जवळजवळ कोरा. एमएपी-२ (डेंड्राइटमधलं प्रथिन) सगळीकडे लागतं, पण वरच्या कडेला डेंड्राइट मळसूत्रासारखे पिळलेले. अँटीबॉडी आत शिरत नाहीये का? शिवाय वेस्टर्न ब्लॉटवर एनएफ-एचची (न्यूरोफिलामेंटच्या जड घटकाची) पट्टी २०० किलोडाल्टनजवळ येते, अमिनो आम्लांच्या क्रमावरून हिशेब ११०च्या आसपासचा आहे.

उत्तर १
फोकस वरून खाली फिरवून बघा. दोन्ही पृष्ठभाग रंगलेले आणि मध्ये कोरं असेल तरच शिरकावाचा दोष. मग ट्रायटन (पेशीपटल सच्छिद्र करणारं डिटर्जंट) ०.३ टक्के करा, दोन रात्री ठेवा. पण मला इथे दोष दिसत नाही. एसएमआय-३२ एनएफ-एचचं फॉस्फेट न लागलेलं रूप पकडतं, आणि ते मोठ्या, दूरवर ॲक्सॉन पाठवणाऱ्या पिरॅमिडल पेशींच्या धडात नि डेंड्राइटमध्ये भरपूर असतं. चौथ्या थरातल्या बारक्या पेशींत मुळातच तुटपुंजं. त्यामुळे या रंगावरून न्यूरॉन मोजू नका, त्यासाठी न्यूएन हा न्यूरॉनच्या केंद्रकाचा मार्कर आहे. ‘एसएमआय-३२ कमी झालं म्हणजे पेशी मेल्या’ हा निष्कर्ष तर सर्रास चुकतो. पेशी जागेवर असते, फक्त फॉस्फेट चढलेलं असतं.

उत्तर २
पट्टी बरोबर आहे. एनएफ-एचच्या शेपटात लायसिन-सेरीन-प्रोलिन ही तिकडी पुन्हा पुन्हा येते आणि ॲक्सॉनमध्ये तिथल्या सेरीनवर फॉस्फेट बसतात. त्यात ग्लुटामेटचीही रेलचेल, म्हणून रेणू जेलमध्ये रेंगाळतो. अल्कलाइन फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारं एन्झाइम) दिलं की पट्टी खाली उतरते. लायसेटमध्ये (पेशी फोडून केलेल्या द्रावात) सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनेडेट हे फॉस्फटेज रोखणारे पदार्थ घालायचे राहिले, तर न मागताही उतरते, शिवाय फराटा येतो.
हाच प्रयोग सेक्शनवर करा: एसएमआय-३१ (फॉस्फेट लागलेलं रूप पकडणारी अँटीबॉडी) फिकं पडेल आणि एसएमआय-३२ ॲक्सॉनमध्येही उजळेल. आधी ट्रिस बफरने तीनदा धुवा. फॉस्फेट बफर उरला तर एन्झाइम दबतं आणि ‘काहीच फरक नाही’ असं वाटतं.

उत्तर ३
मळसूत्राचं कारण वेगळं. परफ्यूजननंतर लगेच कवटी फोडून मेंदू काढताना पृष्ठभाग दाबला गेला की पेशी आकसून गडद होतात, डेंड्राइट पिळवटतात. डोकं तसंच काही तास फिक्सेटिव्हमध्ये ठेवा, मग काढा. पीळ नसून मण्यांची माळ दिसत असेल तर मात्र परफ्यूजनला उशीर झालाय का बघा. रक्तपुरवठा तुटला की कॅल्पेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम एमएपी-२ झपाट्याने तोडतं.

प्रश्नकर्ता
मधल्या फोकसलाही पेशी तितक्याच गडद आहेत. पीळच आहे, मणी नाहीत. फॉस्फटेजच्या नियंत्रणाचं सेक्शन नुसत्या ट्रिसमध्ये फ्रिजात ठेवलं तर चालेल?

उत्तर २
फ्रिजात नको. एन्झाइमवालं ३७ अंशांवर असेल तर तेही तिथेच, तेवढाच वेळ. नुसत्या उबेनेही रंग थोडा बदलतो.