तलावातल्या बेटावर पुन्हा गावरान जंगल: सुरुवात कुठून?

सुनीता_इंदूर: मानपूरकडे आमच्या गावच्या तलावात एक बेट आहे. पूर्वी पळस, मोई, करंज दाट होते म्हणे. आता घाणेरी आणि सुबाभूळ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की शेळ्या चालतच जातात. लेकीकडे ऑकलंडला गेले तेव्हा तिरितिरी मातांगी बेट पाहिलं, 220 हेक्टरचं. शेतीने बोडकं झालेलं. 1984 ते 1994 मध्ये स्वयंसेवकांनी अडीच लाखांहून जास्त रोपं लावली, रोपवाटिकाही बेटावरच. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. गावातले पंधरा-वीस जण तयार आहेत. ग्रामसभेत काय मांडू?

माळवा_बियाणे: ताई, आधी घाणेरी मुळासकट काढा. नुसती कापली तर दुप्पट फुटते. मग एक पावसाळा काहीच लावू नका. पळसाची जुनी मुळं जिवंत असली तर आपोआप धुमारे येतील; ते लावलेल्या रोपांपेक्षा चिवट. मोईच्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर रोवायच्या. काठाला करंज, अर्जुन. पाय पाण्यात राहिले तरी तग धरतात. वर मुरूम असेल तर सालई, अंजन. पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी, ज्येष्ठात ताजीच पेरा.

रानवाट: तिरितिरीवर शेती 1971 मध्ये थांबली, पण गवत आणि नेच्यांमुळे जंगल आपसूक येईना, म्हणून लावावं लागलं. सावलीसाठी आधी पोहुतुकावा ही तिथली गावरान झाडं लावली, ती इतकी दाटली की खाली दुसरं काही वाढेना, पुढे विरळ करावी लागली. तुम्ही पहिल्यापासून मिश्र लावा, आणि झुडपं विसरू नका: करवंद, निरगुडी, मुरडशेंग. पाखरं तिथूनच येतात.

सुनीता_इंदूर: दादा, झुडपांचं डोक्यातच नव्हतं, लिहून घेतलं. पण शेळ्यांचं काय? ज्यांच्या शेळ्या आहेत ती घरं गरीब आहेत. त्यांना नुसती बंदी सांगायला माझी जीभ रेटत नाही.

माळवा_बियाणे: बंदी चरायची, गवताची नाही. हिवरे बाजार गावात हेच केलं: गुरं सोडायची नाहीत, विळ्याने कापून न्यायचं. कापणीचा पहिला हक्क शेळीवाल्यांना, असं ठरावात लिहून घ्या. राखणही त्यांच्याकडेच द्या, मजुरी देऊन. रोपं कोण खातंय ते त्यांना सगळ्यांत आधी कळतं.

सुनीता_इंदूर: हे पटलं. ठराव त्यांच्या घरी बसूनच लिहिते, मग ग्रामसभेत. घाणेरी दिवाळीनंतर काढायची की पावसात, माती ओली असताना?

माळवा_बियाणे: पावसात. ओल्या मातीत मूळ सबंध निघतं. आणि फळं धरायच्या आत, नाहीतर पाखरं बिया पुन्हा पसरवतात.