मदत हवी आहे: जुना व्हॉल्व्ह अँप आणि जनरेटरची अर्थिंग

सांगलीत जुना व्हॉल्व्ह गिटार अँप दुरुस्तीला आलाय. टू-पिन वायर, मेन्सच्या एका तारेपासून चॅसीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिन उलटी बसली की २३० व्होल्टला साधारण ३.४ मिलीअँपिअर गळती. कपॅसिटर शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांवर थेट फेज! तो काढतोय. थ्री-कोअर वायर, अर्थ स्वतंत्र बोल्टने चॅसीला, फ्यूज-स्विच फेजमध्ये, एवढं ठरलंय. मिक्सरला जोडून हम (घुमणारा आवाज) आलाच तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला देणारी डबी) लावेन. अर्थची पिन कापायचा सल्ला कृपया नको.

अडलंय ते मंडपातल्या जनरेटरवर. त्याचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नाही, म्हणजे फेज चॅसीला लागला तरी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडणार नाही. न्यूट्रल-अर्थ जोड तुम्ही कुठे देता: जनरेटरवरच, की बोर्डात आरसीसीबीच्या आधी? आणि नदीकाठच्या काळ्या मातीत अर्थिंगचा रॉड किती खोल ठोकता?